पान एकतीस

"आणि आता, आपल्या मंडळाच्या अंकाचं टायपिंग करणारी मुलगी," भाऊकाका माइकवर म्हणाले. टाळ्या झाल्या. मला नाव होतं, आडनाव होतं, अंकात लेखही होता. स्टेजवर मात्र मी टायपिंग होते.

शालीच्या रांगेत उभी असताना मी अंक उघडला होता. पान एकतीस. वर माझं नाव. खाली मी न लिहिलेली वाक्यं.

मी लिहिलं होतं ते असं. कॅनडातल्या केंब्रिजला शिकायला आले तेव्हा एका मराठी घराच्या बेसमेंटमध्ये खोली घेतली. मालकीणबाई इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. स्वयंपाकघर वर, सगळ्यांचं एकच. पहिले दहा दिवस मी त्यांच्या ओट्यावर पोळ्या लाटल्या. मऊ होतात, असं त्या म्हणाल्याही. अकराव्या दिवशी मी खोलीत निळ्या कोटातल्या, हातात संविधान धरलेल्या बाबांचा फोटो लावला. बाराव्या दिवशी हॉटप्लेट खाली आली.

"वर स्मोक अलार्म फार वाजतो गं. तू खालीच करत जा."

आठ महिने मी कपड्यांच्या ड्रायरवर हॉटप्लेट ठेवून भात शिजवला. शेजारच्या खोलीतली पंजाबी मुलगी वर जाऊन पराठे करायची. तिच्या धुराबद्दल अलार्मची काही तक्रार नसे.

छापलेल्या लेखात फोटो नव्हता. पंजाबी मुलगी नव्हती. हॉटप्लेट होती, पण 'लेकीसारखी सोय' म्हणून दिलेली. शेवटी म्हटलं होतं की परक्या देशाच्या थंडीत त्या घरानं मला मायेची ऊब दिली. नाव माझंच, आडनाव काढून.

मालकीणबाईंनी हे केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. केलं होतं भाऊकाकांनी. मंडळाचे अध्यक्ष, अंकाचे संपादक, घरात पुस्तकांची भिंत. मला पहिलं विंटर जॅकेट त्यांनी दिलं, बर्फ शोव्हल करायला त्यांनी शिकवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी जेवले आहे. तिथेच त्यांनी माझा लेख वाचला होता, चष्मा काढून डोळे पुसले होते. "एक शब्द हलणार नाही. शब्द देतो." अख्खा अंक मीच लावला. शेवटचं प्रूफ तेवढं त्यांनी घेतलं, कारण माझी परीक्षा होती. "तू अभ्यास कर, बाळा."

त्याच अंकात पान तीनवर त्यांचं संपादकीय होतं. विषय, युद्धकाळातली सेन्सॉरशिप आणि एक शूर आयरिश संपादक.

तो संपादक त्यांना मीच दिला होता. मी शहराच्या वाचनालयात पार्टटाइम काम करते. स्थलांतरितांची जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायची. आमचा अंक लावत होते तेव्हा माझ्या टेबलावर इथल्या आयरिश लोकांचं एक साप्ताहिक होतं, पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. कॅनडा साम्राज्याच्या बाजूनं लढत होता आणि तिकडे आयर्लंड त्याच साम्राज्याविरुद्ध उठलं होतं. त्यामुळे संपादकाला सेन्सॉरची पत्रं यायची. अतिशय नम्र पत्रं. धमकी इतकी सभ्य की वाचणाऱ्यानं आभार मानावेत. संपादक मग तो मजकूर काढायचा, पण जागा भरायचा नाही. पानाच्या मधोमध कोरा रकाना. माझी वरिष्ठ नोरा, तिचे पणजोबा ते साप्ताहिक वाचायचे. ती म्हणायची, "आमच्या घरी ती भोकंच आधी वाचत."

हे मी भाऊकाकांना उत्साहानं सांगितलं. पुढचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षांच्या अंकांत भोकं कमी होत जातात. त्या जागी चहापार्ट्यांची वृत्तं येतात. सेन्सॉर थकला नव्हता. संपादक शिकला होता.

शाल माझ्या खांद्यापर्यंत आली तेव्हा मी मागे सरकले. माइक हातात घेतला.

"पान एकतीस मी लिहिलेलं नाही. त्यावरचं माझं नाव खोटं आहे."

एवढंच. मागे एक लहान मुलगा आईला विचारत होता, "Are we eating now?" त्या संध्याकाळी सरळ प्रश्न विचारणारा तो एकटाच.

भाऊकाकांनी मला कोट टांगायच्या खोलीत गाठलं.

"अगं, नंतर बोललो असतो आपण. सगळ्यांसमोर कशाला?"

"छापलंय सगळ्यांसमोर."

"आत्ता वेळ बरोबर नाही, बाळा. इथे आपल्या लोकांबद्दल आधीच काय काय बोलतात. त्यात आपणच आपलं उणंदुणं काढायचं? आत्ता सगळे एक दिसायला हवेत."

"सेन्सॉरच्या पत्रात हेच होतं, काका. तुमच्या संपादकीयात आहे ते."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं. ते वाटलं याचा रागही आला.

"आडनाव का काढलंत?"

"नुसतं नाव गोड दिसतं गं. काही अर्थ नव्हता त्यात."

मालकीणबाईंचा अलार्म, भाऊकाकांचं गोड. दोघांनी मला एकाच ओट्यावरून उठवलं. फरक इतकाच की खाली हॉटप्लेट आली तेव्हा मी मान डोलावून ती उचलली होती.

सोमवारी त्यांचा मेसेज आला. "पीडीएफ साईटवर टाकशील ना?" मी लिहिलं, "पान एकतीस कोरं करून टाकते. नाहीतर दुसरं कोणी बघा." त्यांनी दुसरं कोणी बघितलं.

मंडळाचा प्रत्येक अंक वाचनालयात जमा होतो. स्थलांतरितांच्या छापील वस्तूंची पेटी आहे, त्यात. त्या पेटीची नोंद करणं माझं काम. म्हणजे पुढे कधी कोणी ती उघडली असती तर त्याला कळलं असतं की मी मायेच्या उबेत होते आणि कृतज्ञ होते.

मी अंक पेटीत ठेवला. त्याला माझा मूळ लेख जोडला. ड्रायर, फोटो, पराठे, सगळं. नोरानं दोन्हीचं इंग्रजी माझ्याकडून ऐकून घेतलं आणि नोंदीचा कागद पुढे सरकवला. "टीप लिहिणाऱ्यानं सही करायची असते," ती म्हणाली. "पूर्ण नावानं."

मी लिहिलं: पान एकतीसवरचा मजकूर लेखिकेचा नाही. लेखिकेचा मजकूर सोबत आहे.

खाली सही केली. आधी आडनाव लिहिलं, मग नाव. यापुढे माझं काहीही छापायचं असेल तर ते याच क्रमानं छापावं लागेल. आणि शेवटचं प्रूफ, परीक्षा असो वा नसो, मी बघणार.