आक्षेप नाही

आमच्या बंगळूरच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सरनाईकअक्का नेहमी दुसऱ्या रांगेत बसायच्या, आणि तिथेही नेमक्या रणदिवेसाहेबांच्या मागे. ती खुर्ची मिळावी म्हणून राजाजीनगरहून दोन बस बदलून त्या आरतीच्या कितीतरी आधी येऊन बसत. रणदिवे लष्करी खात्याचे निवृत्त अधिकारी, मंडळाचे आश्रयदाते. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांचीच. त्यांचा सत्कार झाला की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. अक्का मात्र दोन्ही हात पदराखाली घेऊन त्यांच्या मानेकडे बघत बसत. मी एकदा म्हटलं, "अक्का, पुढे जागा आहे, चला ना." त्या म्हणाल्या, "बेडा गं, नको. इथनंच बरं दिसतं. मागे कुणीतरी बसलंय, हे त्याला कळत राहिलं पाहिजे."

मी नागपूरची. सर्जापूर रोडवरच्या एका कंपनीत तांत्रिक पुस्तिका लिहिण्याची नोकरी होती, ती सुटली आणि मंडळातल्याच ओळखीने अक्कांच्या हाताखाली संपादनाचं काम मिळालं. देशाच्या लष्करी खात्याचा एक विभाग इथे बंगळूरमध्ये आहे. नद्यांवरचे तात्पुरते पूल, तंबू, वाहतूक अशी पडद्यामागची कामं तो बघतो. त्या विभागाचा इतिहास लिहायचा होता. अक्का तिथल्याच अभिलेखागारातून निवृत्त झालेल्या. कुठलं कपाट कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांना मानाने परत बोलावलं होतं. बोलावणाऱ्यांना आपण कुणाला बोलावतोय हे ठाऊक नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी प्रस्तावनेत शौर्य, बलिदान वगैरे घालून एक झकास परिच्छेद लिहून दिला. अक्कांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मुग्धा, स्वल्प थांब. बैल कुठायत?" मला कळेना. "अगं, आधी बैल. म्हैसूरच्या बैलांनी तोफा ओढल्या, मग शौर्य झालं. खातं म्हणजे बैल, वैरण, दोर, तंबूच्या खुंट्या. बंदूकवाल्यांचे पुतळे उभे राहतात, वैरणवाल्याला कोण विचारतंय?" पहिलं प्रकरण मग बैलांचंच झालं आणि ते इतकं सुरेख उतरलं की मी घरी नेऊन नवऱ्याला वाचून दाखवलं. साहेब गेले, साहेब आले, टोप्या बदलल्या, पाट्या बदलल्या, हे सगळं त्या अशा खुशीत लिहीत की वाटावं, ही बाई कुणावर रागावणं शक्यच नाही.

पण राग होता. तो त्या लपवतही नसत. "लोक म्हणतात, विसरा आता. विसरा म्हणणाऱ्याला विचारावं, बाबा, तुझं काय गेलं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य देवाबद्दल होतं. "देव बघून घेईल म्हणतात. त्याच्याकडे गर्दी फार असते गं. आपलं आपण बघितलेलं बरं."

त्यांचं काय गेलं होतं, ते सांगते. त्यांचे यजमान सरनाईक याच विभागात पुलांचे मुख्य अभियंते होते. जोडून जोडून नदीवर तरंगता पूल टाकायचा, त्यावरून ट्रक न्यायचे, अशा एका नव्या पुलाची चाचणी होती. सांधे अजून नीट धरत नाहीत, चाचणी पुढे ढकला, असं सरनाईकांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पण दिल्लीहून पाहुणे आले होते, नदीकाठी मांडव पडला होता, आणि संचालक होते रणदिवे. "सरनाईक, डोंट बी अ कावर्ड," असं म्हणून त्यांनी ट्रक पुढे काढायला लावला. मधला सांधा सुटला. दोन जवान वाहून गेले. चौकशी झाली आणि दोष सरनाईकांवर आला, कारण पुलाच्या आराखड्याखाली सही त्यांची होती. रणदिवे पुढच्या वर्षी बढतीवर गेले. सरनाईकांना एका कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. ते रोज डबा घेऊन जात आणि न उघडता परत आणत. निवृत्तीपर्यंतही टिकले नाहीत. "डॉक्टर म्हणाला, हार्ट," अक्का सांगत. "मी म्हटलं, रोगाचं नाव चुकलं तुमचं."

चौकशीत एका सुभेदाराने घडलं तसं सगळं सांगितलं होतं. त्याची जबानी खात्यातच होती, कुणीही मागवून वाचावी अशी. कुणी मागवली नाही, एवढंच. अक्कांनी ते प्रकरण सरळ सुभेदाराच्या जबानीवरून लिहिलं: मुख्य अभियंत्यांनी चाचणीला नकार दिला, संचालकांनी तो डावलला, दोन माणसं बुडाली. जवानांची नावं होती, सरनाईकांचं नाव होतं. संचालकाचं नाव तेवढं नव्हतं.

मी भडकले. "अक्का, इतकं केलंत आणि त्यालाच सोडलंत?"

"सोडलं कुठं? फिरती माहितेय ना तुला?"

फिरती ही या खात्याची जुनी रीत. इतिहास छापण्याआधी हयात असलेल्या ज्या अधिकाऱ्याचं नाव त्यात येतं, त्याच्याकडे पुस्तक पाठवायचं. त्याने वाचून आक्षेप नोंदवायचा, नाहीतर 'आक्षेप नाही' असं लिहून सही करायची. सही झाली की पुढे तक्रार चालत नाही. अक्कांनी आयुष्यभर अशा फिरत्या केल्या होत्या. त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. कुठलाही मोठा साहेब पुस्तक पुढून उघडत नाही. तो मागून सूची उघडतो, स्वतःचं नाव शोधतो आणि तेवढीच पानं वाचतो.

इंदिरानगरला रणदिव्यांच्या घरी आम्ही दोघी गेलो. अक्कांनी कधी नव्हे ती इरकल नेसली होती. साहेबांनी अक्कांना "या, या, शरयूबाई" केलं, कॉफी मागवली. अक्का म्हणाल्या, "साहेब, सगळं पुस्तक आणलंय. सावकाश पहिल्यापासून वाचा. आठवडाभर ठेवून घ्या. पुलाचंही प्रकरण आहे त्यात." अगदी अस्संच म्हणाल्या, मी साक्षीला आहे. साहेबांनी हात हलवला आणि सूची उघडली. बोटाने आपलं नाव शोधलं, एकेक पान काढलं. कार्यशाळेचं उद्घाटन, पदक, परदेश दौरा. चेहरा फुलत गेला. "इथे 'संचालक रणदिवे' आहे, तिथे 'द्रष्टे संचालक' करता येईल?" "सरी साहेब, करते की," अक्का म्हणाल्या. "आणि परिशिष्टात संचालकांची यादी आहे ना, कोण कधी होता त्याची? ती ठळक अक्षरात घ्या. लोक यादीच वाचतात." अक्का म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." पुलाच्या पानाचा आकडा सूचीत त्यांच्या नावापुढे नव्हता; ते प्रकरण तिथेच होतं, त्यांच्या मांडीवर. कॉफी संपायच्या आत सही झाली.

जिना उतरताना अक्का कठड्याला धरून थांबल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या.

प्रकाशनाला रणदिवे प्रमुख पाहुणे. लेखिकेने एक उतारा वाचायचा असतो. अक्कांनी पुलाचं प्रकरण उघडलं. पुस्तक इंग्रजी, म्हणून आधी इंग्रजीत वाचलं आणि मग, कुणी सांगितलं नसताना, कन्नडमध्ये सांगितलं, कारण वाहून गेलेल्या एका जवानाची म्हातारी बहीण कोलारहून आली होती. अक्कांनीच तिला बोलावून पुढे बसवलं होतं. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "त्या वेळी संचालक कोण होतं, ते शेवटी यादीत ठळक अक्षरात दिलंय." हॉलभर पानं उलटल्याचा आवाज झाला. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका गोड आवाज ऐकलेला नाही. कोलारची म्हातारी उठून व्यासपीठाजवळ गेली आणि रणदिव्यांकडे नुसती बघत उभी राहिली. खाली उतरल्यावर ते अक्कांना म्हणाले, "हे तुम्ही बरं केलं नाही." अक्का म्हणाल्या, "आक्षेप नाही, असं तुम्हीच लिहिलंय साहेब."

त्यानंतर ते मंडळात दिसले नाहीत.

अक्का आजारी पडल्या तेव्हा मात्र ते आले. राजाजीनगरच्या त्या लहानशा खोलीत, काठी टेकत, मोसंबी घेऊन. मी शेजारीच होते. म्हणाले, "शरयूबाई, आपण दोघंही आता पिकलं पान. माफ करून टाका. मला झोप लागत नाही." मी, खरं सांगते, त्यांना खुर्ची पुढे केली. अक्कांनी डोळे उघडले. "माफ ज्यांनी करायचं, ते गेले. मी लिहिणारी. मला विचारून काय उपयोग?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मुग्धा, साहेबांना ऑटो बघून दे. मोसंबी पण दे परत, मला आंबट चालत नाही." त्या आठवड्यात त्या गेल्या. मी खूप रडले. अजूनही कपाटाशी गेले की आवाज द्यावासा वाटतो.

आता दुसरी आवृत्ती निघतेय आणि काम माझ्याकडे आहे. रणदिव्यांच्या मुलाचा फोन आला. माणूस सभ्य आहे, काकुळतीला आला होता. "मॅडम, बाबा खूप थकलेत. पुलाच्या प्रकरणातलं तेवढं एक वाक्य काढा. त्यांना शांतपणे जाऊ द्या." मी विचारलं, "सरनाईक कसे गेले, हे बाबांना विचारलंत कधी?" तो परत म्हणाला, "तेवढं एकच वाक्य, मॅडम." मी म्हटलं, "बघते."

बघितलं. वाक्य काढलं नाही. 'संचालकांनी' या शब्दाच्या जागी 'संचालक रणदिवे यांनी' असं केलं. वरच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा परिशिष्टातली यादी दाखवली. माहिती तीच आहे, फक्त तिच्या जागी आणलीय. आता त्या पानावर त्यांचं नाव आलं, म्हणजे रीतीप्रमाणे ते पान त्यांच्याकडे जायला हवं. काल मी ते स्वतः पाकिटात घातलं आणि इंदिरानगरला पाठवून दिलं. हे पान तरी ते वाचतील.