मंदारच्या गेममधली वरची ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे वेगळं सांगायची गरज नाही, कारण माझा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. कर्जतला माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक "स्वच्छ दिसतंय" म्हणालं तरी मी त्याला भिंतीवरची अक्षरं पुन्हा वाचायला लावतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या प्रसादाचाही वास घेऊन बघता. खरं आहे ते. म्हणूनच हा प्रकार माझ्याच बाबतीत का घडावा, हे मला कळत नाही...

माझा धाकटा भाऊ मंदार. मामाने दुबईहून त्याला हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. करडा, विटेसारखा जड, मागे पेन्सिल सेल घालायचे. त्यातल्या कॅसेटमध्ये बटणासारखा एक छोटा सेल असतो. त्याच्या जोरावर सगळ्यात जास्त स्कोअर करणाऱ्यांची नावं आत टिकून राहतात. नावाला जागा फक्त तीन अक्षरांची, तीही इंग्रजी. कॉलेजात गेला तरी मंदारचा तो गेम सुटला नव्हता. मग चौक गावाजवळ बाईकचा अपघात झाला आणि तो गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली.

गेम आईने कपाटात ठेवला. दरवर्षी खंडेनवमीला माझे स्क्रूड्रायव्हर, बायकोचं शिलाई मशीन यांच्यासोबत ती तोही पाटावर मांडायची आणि ओल्या हळदीकुंकवाची बोटं उमटवायची. देव पावला की नाही माहीत नाही, पण ते कुंकू फटींतून आत गेलं. बटणं चिकटली, पडद्यावर आडव्या रेघा आल्या, आणि एका वर्षी पडदा लागलाच नाही.

यंदा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मंदार गेल्यापासून तिने डोळ्यांची हेळसांड केली होती, माझं दुकान चष्म्याचं असूनही. पट्टी निघाली, काळा चष्मा गेला, आणि तिने पहिली गोष्ट मागितली ती हा गेम.

"त्याचं नाव हाय ना रं त्यात? एकदा बघू दे मला. दिसतंय तवर बघून घेते."

आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण मंदार तिला बोट ठेवून दाखवायचा, आणि ती चुलीवरचं सोडून बघायला यायची. मला नाही म्हणवेना.

पडदा आणि बटणांखालची रबरं हवी होती. ऑनलाइन शोधलं तर तीन दुकानदारांनी एकच फोटो टाकलेला, तिघांच्या फोटोत तोच टेबलक्लॉथ. तरी एकाकडून पडदा मागवला. आला तो भलत्याच मॉडेलचा. शेवटी कुणीतरी सांगितलं, लोधिवलीला जुन्या हायवेवर एका बाईंचं भंगाराचं दुकान आहे, तिथे असलं काहीबाही असतं. चौकच्या त्या रस्त्याला मी सहसा जात नाही. पण गेलो.

बाईंनी पत्र्याच्या डब्यातून तस्साच गेम काढला. तोच रंग, तेच मॉडेल.

"कुठनं आला हा?"

"माल येतो दादा. गाव इचारत बसले तर धंदा कवा करू? सेल टाकून बघा, चालू हाय."

चालू होता. पडदा लख्ख. भावावरून घासाघीस करायच्या तयारीत मी होतो, तर बाई म्हणाल्या, "द्या काय द्यायचं ते." मला लगेच संशय आला. उलटसुलट करून पाहिलं तर त्याच्याही फटीत कुंकू... म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली. घेतला.

दुकान दुपारी बंद असतं तेव्हा मी दोन्ही गेम उघडले. पडदा बदलला, रबरं बदलली, जुनं कुंकू स्पिरिटने पुसलं. मग मंदारची कॅसेट उघडली आणि मीटर लावला. आतला सेल ठार मेलेला होता. म्हणजे नाव कधीच पुसलं गेलेलं. तरी नवा सेल जोडून चालू केलं. यादी कोरी.

खरं सांगायचं तर मला रडू आलं. त्याचं नाव आत आहे या भरवशावर आम्ही इतकी वर्षं एका रिकाम्या डबीची पूजा करत होतो. घरी जाऊन आईला काय सांगायचं?

मग मी जे केलं ते लपवत नाही. बसलो आणि खेळलो. जमेल तेवढा स्कोअर केला आणि नावाच्या जागी मंदारची अक्षरं टाकली. एम, एन, डी. बंद करून पुन्हा चालू केलं, खात्री केली. यादीत एकच ओळ. गेम पिशवीत घातला, पिशवी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं, चावी खिशात. संध्याकाळी मीच तो घरी घेऊन गेलो.

आई खिडकीशी बसली होती. चालू केला की आधी यादीच येते. बटण दाबून मी गेम तिच्या हातात दिला. पडद्याकडे मी पाहिलंही नाही, तिच्या तोंडाकडे पाहत होतो. खोटं पकडलं जातंय का, हीच धास्ती.

तिने गेम उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाली, "हां... दोन ओळी. वरची देवाची, खालची त्याची."

"कसली देवाची?"

"इसरलास व्हय रं? पहिला डाव देवाचा म्हनायचा नाय का तो, गोट्या खेळताना म्हनायचात तसं. नवीन सेल घातला की पहिल्या डावाला देवाचं नाव टाकायचा. मग सोताचं. आन देवाच्या वर जायचं नाय म्हनून मुद्दाम मरायचा." ती हसली. तिला त्यावर असं हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो.

मी गेम हातात घेतला. खाली एम, एन, डी, माझाच स्कोअर. वर डी, ई, व्ही. आणि स्कोअर माझ्यापेक्षा जेमतेम थोडा जास्त.

संशयाचं म्हणाल तर मी कुणालाच सोडलं नाही. बायकोला विचारलं, तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही. ड्रॉवरचं कुलूप तपासलं. लोधिवलीला पुन्हा गेलो, तर बाई म्हणाल्या, "पडदा बिघडला का? मग काय इचारता?" आणि पडद्यात नावं राहतच नाहीत, ती कॅसेटमध्ये राहतात, हे मलाही ठाऊक आहे. जुनी यादी परत उमटली म्हणावं, तर मंदारची स्वतःची ओळ का नाही उमटली? तिथे तर माझी आहे.

खालची ओळ माझी आहे हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती गेम रोज एकदा चालू करून बघते आणि कपाटात ठेवते. मी पुन्हा खेळलेलो नाही, हिंमत होत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा. मी त्यावरही आधी शंकाच घेईन.

पहिला डाव देवाचा, हे मी साफ विसरलो होतो. मी थेट मंदारच्या नावाने सुरुवात केली होती. माझ्या लक्षात नव्हतं, पण कुणाच्या तरी होतं.