सत्काराच्या शाली

मुलीनं फोनवर यादी पाठवली, तेव्हा मी आधी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाच काढल्या. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या हातून लाल पेन सुटत नाही. यादीत आतून घालायचे गरम कपडे दोन जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट आणि व्हॅसलीन होतं. खाली लिहिलं होतं, "बाबा, आठ दिवसांपुरतंच आणा, ओझं नको." लग्न झाल्यापासून ती डेहराडूनला असते. तिची आई गेल्यावर मी पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो होतो, तेही जानेवारीत.

आमच्या शहरात थंडी म्हणजे सकाळी फिरायला जाताना चढवलेला बिनबाह्यांचा स्वेटर. दहा वाजले की तो काखेत. त्यात बॅग भरणं हे काम माझ्याकडे कधी नव्हतंच. बायको भरायची आणि मी दारातून "झालं का? झालं का?" म्हणून ओरडायचो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आता शहराच्या कडेला पडेगावात, आमच्या घरात कपाट उघडून उभा राहिलो, तर माझे मोजे कुठल्या कप्प्यात असतात हेही मला ठाऊक नव्हतं. शोधताना तिचे दोन ब्लाउज हाताला लागले. मी कपाट लावून घेतलं आणि त्या दिवशी काहीच भरलं नाही.

खरं सांगायचं तर मला आठ दिवसांची बॅग भरायचीच नव्हती. मुलगी म्हणेल, "बाबा, आता इथंच राहा," अशी माझी आशा होती. परतीचं तिकीट काढलेलं होतं, पण ते रद्द कसं करतात हे मी स्टेशनवर विचारून ठेवलं होतं. एकट्यापुरत्या दोन पोळ्या, दोन्ही वेळेला तीच भाजी, आणि कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून मोठ्यानं लावलेला टीव्ही, या सगळ्याचा मला वीट आला होता. पण मागून घेणं माझ्या स्वभावात नाही. तिनं म्हणावं, मी थोडे आढेवेढे घ्यावेत आणि मग हो म्हणावं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

औरंगपुऱ्याच्या बाजारात जाकीट बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "कुठं चाल्ले सर?"

"डेहराडूनला, लेकीकडं."

"मग हे घ्याच. लई थंडी राहते तिकडं. आमचा मेव्हणा जाऊन आला, नुसते दात वाजत होते म्हणे. किती दिवस राहणार?"

"बघू," मी म्हणालो.

आरशात पाहिलं तर त्या जाकिटात मी गादीवरच्या लोडासारखा दिसत होतो. शिवाय घरात अठरा शाली असताना मी हे बोचकं कशाला अंगावर चढवू? जाकीट परत दिलं.

अठरा हा आकडा खरा आहे. आपल्याकडे माणसाला शाल पांघरायला कारण लागत नाही, आणि मास्तर असला तर विचारूच नका. शिक्षकदिन झाला, शाल. जयंतीच्या व्यासपीठावर बसलो, शाल. सोयगावला एकदा स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून गेलो, तर दोन मिळाल्या, कारण संस्थेचे दोन गट होते. नारळांची चटणी झाली आणि शाली ट्रंकेत गेल्या. निवृत्तीला शाळेनं खास हिमरूची, आमच्याकडच्या जरीच्या विणीची दिली. यांतली एकही मी दहा मिनिटांपेक्षा जास्त खांद्यावर ठेवली नव्हती. फोटो झाला की घडी. त्यांतल्या त्यात जाड वाटणाऱ्या चार काढल्या, त्यात हिमरूची अर्थातच होती, आणि बॅगेत टाकल्या.

डेहराडूनला सकाळी उतरलो तेव्हा अंगावर एकावर एक दोन शाली होत्या. थंडीनं त्यांची दखलही घेतली नाही. वारा जरीच्या काठावरून सरळ बरगड्यांत शिरत होता, आणि शाल सारखी करायला गेलं की बोटांना चटचट झटका बसायचा. मुलगी घ्यायला आली होती. मला बघून ती हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहत होतो, म्हणून मीही दात वाजवत हसलो.

"अहो बाबा, ही शाल फोटोपुरती असते. हिनं कधी थंडी जाते का?"

तिचं घर म्हणजे बैठक आणि दोन खोल्या. एका खोलीत ती आणि जावई, दुसरीत तिच्या सासूबाई, त्या गुडघ्यांमुळे कायमच्या अंथरुणाला लागलेल्या. मी बैठकीतल्या दिवाणावर. दुपारी तिनं माझी बॅग लावायला घेतली. शालींखाली हात घातला आणि तिच्या हाताला माझे सुती, अर्ध्या बाह्यांचे शर्ट लागले. एक, दोन, सहा. उन्हाळ्यात घालायचे. त्यांच्याखाली पेन्शनचं पुस्तक होतं. मी खिडकीतून समोरचा डोंगर बघत राहिलो. शर्ट जसे होते तसे तिनं पुन्हा आत ठेवले.

संध्याकाळी ती मला बाजारात घेऊन गेली आणि यादीतलं सगळं तिथं घेतलं. नंतरचे दिवस बरे गेले. ती भल्या पहाटे उठून सासूबाईंचं सगळं करायची, डबे भरायची, नोकरीला जायची. परत आली की पुन्हा तेच. बसलेली ती मला दिसलीच नाही.

सहाव्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघं गच्चीवर उन्हात बसलो होतो. ती मटार सोलत होती. म्हणाली, "बाबा, तुमच्या बॅगेत ते शर्ट..." आणि थांबली. तिची बोटंही थांबली. पुढं काय येणार ते मला कळलं, आणि ते तिला बोलायला लागू नये असं फार वाटलं.

"व्हय, चुकून आले ते," मी म्हणालो. "इथली थंडी नाय झेपत मला माय. आठ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. आपलं पडेगाव बरं."

खरं तर त्या वेळी जाकिटात मला घाम आला होता.

"हो ना," ती लगेच म्हणाली. "या वयात नाहीच झेपणार तुम्हांला. मी ह्यांना तेच म्हणत होते." तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो उतरताना मी पाहिला. मटार सोलणारी तिची बोटं भरभर चालू लागली.

बायको गेली त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान लेक माझा हात धरून बसली होती.