आक्कांचं उंच टेबल

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाटघरला, माहेरी होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली... तुमी या." आक्कांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपलं सगळं. एसटीनं आणि पुढं टेम्पोनं मी विंझरला पोचले, तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी धड थापता येत नव्हती. माझी वाकडीतिकडी भाकरी त्या गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि त्यांची गोल भाकरी माणसांना वाढायच्या. सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. असं पुष्कळ आहे सांगण्यासारखं, पण त्यांची आठवण निघाली की मला आधी स्वयंपाकघरातला तो कोपराच दिसतो.

आम्ही दोघींनी कधी बसून न्याहारी केली नव्हती. माणसं खाऊन शेतावर गेली की उरलेली भाकरी हातावर घ्यायची, एक डोळा दुधावर ठेवायचा आणि उभ्याउभ्याच संपवायची. एकदा आक्का पुण्याला लेकीकडं चार दिवस राहून आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "पोरगी आन् जावई सकाळी खिडकीत बसून खात्यात गं. गरम गरम. आन् वर गप्पा. आपुन बी तसं करायचं."

"कुणासाठी?" मी विचारलं.

"तुज्या-माज्यासाठी. आनखी कोन हाय हितं?"

मागच्या खिडकीपाशी पूर्वी जातं होतं. ते परड्यात गेल्यापासून तिथं नुसती अडगळ साठली होती. ती आम्ही काढली. भिंत धुरानं काळी झालेली. रंग विकत आणायचा तर कशाला, म्हणून बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेले डबे आक्कांनी शोधून काढले. लाल आणि निळा. लाल संपला तिथून पुढं निळा लावला. ओसरीवरून थोरले दीर, म्हणजे आमचे दादा, म्हणाले, "यंदा बेंदूर घरातच हाय वाटतं."

"व्हय," आक्का आतूनच म्हणाल्या, "राबायला दोन बैल हाइतच की घरात."

टेबलाचं माप त्यांनी सुताराला तोंडी सांगितलं... चार वीत उंच. स्वतःच्या वितीनं भिंतीवर दोनदा मोजून पाहिलं होतं. पण आक्कांचा हात लहान मुलीएवढा, आणि सुतार म्हणजे दारातून वाकून येणारा गडी. त्यानं आपल्या वितीनं चार मोजल्या. टेबल आलं, खुर्च्या लावल्या, आम्ही बसलो, तर ताट हनुवटीला. दोघी एकमेकींकडं बघून इतक्या हसलो की दादांना काय झालं बघायला यावं लागलं. सुतार पाय कापून देतो म्हणाला, पण आक्का ऐकेनात. कापलं की डुगडुगतं, म्हणाल्या. जुन्या लुगड्यांच्या घड्या घालून त्यांनी दोन जाडजूड गाद्या शिवल्या. एक त्यांची, एक माझी. भोरच्या बाजारातून लिंबांचं चित्र असलेलं मेणकापड आणलं. त्या उंच गाद्यांवर बसलं की माझे पाय लोंबकळायचे, आणि खिडकीतून राजगड सरळ डोळ्यांसमोर यायचा.

पण मला तिथं निवांत बसणं जमेना. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसत नाहीत, आणि बोलणं तर नाहीच. दादांनाही काही सांगायचं असलं तर ते भिंतीला सांगायचे, "चा व्हतोय का बघा." त्यांची चाहूल लागली की मी खुर्चीवरून उडीच मारायची.

"तुला काय स्प्रिंग लावलीय का गं?" आक्का म्हणायच्या. "खा की. ते काय तुजी भाकरी हिसकून घेनार हाइत?"

दादाही भले. पुढं पुढं ते गोठ्यापासूनच खोकत यायचे, मला उतरायला सवड मिळावी म्हणून. आक्कांना त्याचं हसू यायचं आणि रागही. "एक दिवस तू बसून ऱ्हाशील, तवा म्या साखर वाटंन," म्हणायच्या. मी नुसती हसायची.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आमचे हे दुधाचा टेम्पो घेऊन पहाटेच जातात, त्यामुळं सकाळी घर फार मोकळं वाटू लागलं. एके दिवशी पुतण्या कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "काकी, हे टेबल काढून हितं भाताची कोठी ठेवू का? आता कोन बसतंय?"

दादा दारातच होते. त्यांनीही टेबलाकडं पाहिलं. पुतण्यानं मेणकापड गुंडाळायला हात घातला.

"मी बसती," मी म्हणाले.

दादांच्या देखत माझा आवाज पहिल्यांदाच निघाला असेल. पुतण्यानं हात मागं घेतला. "बरं," म्हणाला आणि कोठी ओसरीवर लावायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी आणि पिठलं घेऊन टेबलाशी बसले. दादा आत आले. त्या दिवशी खोकले नव्हते, की मला ऐकू आलं नव्हतं, कोण जाणे. मी उतरायला लागले.

"बस," ते म्हणाले. भिंतीला नाही, मला. "चा मी घेतो."

ते चुलीपाशी गेले. या फळीवर बघितलं, त्या फळीवर बघितलं. इतकी वर्षं त्यांनी आपल्या हातानं चहा कधी ओतून घेतला नव्हता.

"कप कुठं अस्त्यात?" त्यांनी विचारलं.

"डाव्या हाताला, जाळीच्या कपाटात," मी बसल्या जागेवरून सांगितलं.