पुनवेचे पतंग

सीताबाईनं गोरसपाक बिस्किटांचा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच धरून उभी राहिली.

"उघडा ना मावशी. वर्ध्याहून मुद्दाम तुमच्यासाठी आणलाय," रक्षा म्हणाली. ती ओसरीवरच्या खाटेवर मांडी घालून बसली होती आणि पिशवीतून एकामागून एक कागद काढत होती. हिंगणघाटच्या कापूस व्यापाऱ्याची ही मुलगी विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात गुलाबी बोंडअळीवर पीएचडी करत होती. तीन हंगाम स्कूटीवरून केळझरच्या अलीकडच्या या गावात यायची. आल्या आल्या कोरा चहा मागायची, तोही पितळी कपातच.

"हा आपला शोधनिबंध. छापून आला. आणि हे शेवटचं पान बघा, इथं तुमचं नाव आहे."

"माहं? इंग्रजीत?"

"इंग्रजीतच. ऐका. 'श्रीमती सीताबाई कवडू थूल यांनी तीन हंगाम अचूक नोंदी ठेवल्या, त्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.'"

दारातल्या बाजेवर सीताबाईचा नवरा कवडू सुतळी वळत बसला होता. तो म्हणाला, "अचूक. घरात मीठ दोनदा टाकते, अन् तिकडं अचूक."

रक्षा हसली. सीताबाईला हसू आलं नाही. तिनं विचारलं, "अन् मंग त्याच्यात निंघालं काय, बाई?"

"तेच तर. अमावस्येला पतंग जास्त, हे लोक आधीपासून म्हणतातच. पण पौर्णिमेला ते निम्म्यानंसुद्धा सापडत नाहीत, हे आपल्याला दिसलं. तीन वर्षं, पंधरा पौर्णिमा, आणि एकही अपवाद नाही." रक्षानं हिरव्या पत्रकांचा गठ्ठा काढला. "म्हणून विद्यापीठानं सल्ला छापलाय. पौर्णिमेच्या आसपासची फवारणी सोडून द्या, खर्च वाचवा. सोमवारी वर्ध्याला मेळावा आहे. तिथं हे वाटायचं आणि तुमचा सत्कार करायचा. येताय ना?"

सीताबाईच्या हातातला डबा एकाएकी जड झाला. "येतो ना," ती म्हणाली.

*

सीताबाईला हे काम मिळालं ते तिथींमुळे.

गावातल्या हेमराजच्या कपाशीत रक्षानं बारा कामगंध सापळे लावले होते. काठीला टांगलेली तबकडी, तबकडीत मादीच्या वासाची गोळी आणि खाली लांब प्लास्टिकची पिशवी. नर पतंग वासानं यायचे आणि पिशवीत पडायचे. महिन्यातून चारदा मोजायचे होते: अमावस्येला, पौर्णिमेला आणि दोन्ही अष्टम्यांना. रक्षानं गावात विचारलं होतं, "तिथी न विसरणारं कोण आहे?" तेव्हा चार बायकांनी एकाच घराकडे बोट केलं. दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून पहाटे बुद्धविहारात जाणाऱ्या, आठ शीलांचं अष्टशील घेणाऱ्या बाईला कॅलेंडर कशाला लागतंय?

"पिशवी या बाटलीत रिकामी करायची," रक्षानं शिकवलं होतं. "बाटलीत स्पिरिट आहे, जिवंत असतील तेही लगेच मरतात. मग मोजायचे, आकडा वहीत लिहायचा आणि बाटलीवर तारीख टाकायची. बाटली आणि वही जुळली पाहिजे, मावशी. बाकी काही चुकलं तरी चालेल."

पहिली अमावस्या गेली, अष्टमी गेली. अळीचे बाप ते, गावाची बोंडं पोखरणारे. त्यांना बाटलीत घालताना सीताबाईला काही वाटलं नाही.

मग पौर्णिमा आली. पहाटे विहारात तिनं हात जोडून म्हटलं, पाणातिपाता वेरमणी. कुठल्याही जिवाची हत्या करणार नाही. तासाभरानं त्याच पांढऱ्या लुगड्यात ती हेमराजच्या शेतात उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बाटली. पिशवीत तीसेक पतंग. काही मेलेले, काही पंख फडफडवत वर चढू पाहणारे.

तिनं आजूबाजूला पाहिलं. धुऱ्याच्या बांधावर कुणी नव्हतं. पिशवीचं तोंड सैल केलं, जिवंत होते ते उडू दिले, आणि खाली राहिलेले अकरा मेलेले बाटलीत टाकले. वहीत लिहिलं, अकरा. बाटली आणि वही जुळत होती.

ही खोटी नोंद आहे, असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या पौर्णिमेलाही नाही. तिसऱ्या पौर्णिमेला वाटलं, पण तोवर दोन झाल्या होत्या आणि रक्षा वही पाहून म्हणाली होती, "किती सुंदर आकडे येताहेत, मावशी." पोरगी इतकी खुश होती की आता काय सांगायचं? मग पंधराही पौर्णिमा तशाच गेल्या. पाण्याची घागर न डचमळता आणावी तसं ते गुपित तिनं तीन वर्षं आणलं. आणि आता त्या घागरीतलं पाणी हिरव्या पत्रकातून सगळ्या जिल्ह्याला पाजलं जाणार होतं.

*

रविवारी सकाळी हेमराज रस्त्यात भेटला. हातात तेच पत्रक होतं, रक्षानं जाताना दिलेलं.

"सीताबाई, तुम्ही तं आमचे गुरू झाल्या. अमोशेले फवारा, हे माह्या बापालेबी ठाऊक होतं. पुनवेले नको, हे आता तुमच्यामुळं समजलं. यंदा दोन फवारे वाचवतो."

"असं एकदम नोका करू, हेमराजभाऊ. पायून घ्या."

"काय पायतो? इद्यापिठानं पायलं ना."

घरी येऊन तिनं कवडूला सगळं सांगितलं. सुतळी त्याच्या हातात तशीच राहिली.

"तीन वर्सं मले नाई सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी हसले असते."

"हसलोच असतो. पतंगाची दया अन् हेमराजची नाई?" मग तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "आता चूप राह्य. कोनाले समजते? त्या पोरीची डिग्री आहे त्याच्यात. तू तोंड उघडलं का तिची तीन वर्सं पान्यात."

"अन् नाई उघडलं तं?"

कवडूनं सुतळी पुन्हा वळायला घेतली. मग म्हणाला, "तो डबा तरी उघड."

"माह्यानं नाई खाल्ल्या जात," ती म्हणाली. पहिलं शील तिनं इतक्या निगुतीनं पाळलं होतं की चौथं कधी मोडलं ते कळलंच नव्हतं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. दर पौर्णिमेला तिनं तेही हात जोडूनच म्हटलं होतं, आणि नंतर शेतात जाऊन वही उघडली होती.

*

सोमवारी सकाळी ती एकटीच एसटीनं वर्ध्याला गेली. बस पवनारचा पूल ओलांडत होती तेव्हा तिनं मनातल्या मनात बोलायचं वाक्य जुळवलं. हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत ते विसरून गेली.

आत खुर्च्या भरत होत्या. दाराशी टेबलावर हिरव्या पत्रकांचे गठ्ठे रचलेले होते. रक्षा मंचामागच्या खोलीत साडीची पिन लावत होती.

"आलात! मावशी, ही पिन जरा मागून..."

सीताबाईनं पिन लावली. तिच्या पाठीमागूनच बोलली, तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं.

"बाई, पुनवेले पतंग कमी नाई पडत. मी सोडून देत होतो."

"काय?"

"जिते असत ते. शील घेतलेलं राह्यचं ना माह्यं. मेलेले तेवढे लिवले. बाटली अन् वही जुळत होती."

रक्षा वळली. बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो.

"किती सोडले?"

"मोजले नाई."

"एकाही पौर्णिमेला नाही?"

"नाई."

"तीन वर्षं, मावशी." रक्षा हळूच खुर्चीवर बसली. "मोजून सोडले असते तरी चाललं असतं. तुम्ही मला नुसतं सांगायचं होतं, पौर्णिमेला मारणार नाही. एवढंच. मी काय तुम्हाला जबरदस्ती केली असती?"

त्या पोरीनं रागवायला हवं होतं. ती रागवत नव्हती, नुसती पाहत होती, आणि ते सोसवत नव्हतं.

माइकवरून रक्षाचं नाव पुकारलं गेलं. ती उठली आणि मंचावर गेली. सीताबाई शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

"दारातली पत्रकं कुणी घेतली असतील तर कृपा करून परत द्या," रक्षा म्हणाली. "पौर्णिमेचा निष्कर्ष मागं घेतोय. नोंदींमध्ये चूक सापडली आहे."

हॉलमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारा उठला. "चूक कोनाची, मॅडम?"

रक्षानं क्षणभर शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "माझी," ती म्हणाली. "वही मी आखली होती."

सीताबाईनं उठायचं ठरवलं. पायही खाली रोवले. पण पुढच्या रांगेत हेमराज बसला होता, त्याच्या बाजूला गावातले आणखी चौघे. ती उठली नाही. म्हातारा खाली बसला, मेळावा पुढं सरकला, आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत तशीच बसून राहिली.

*

रक्षा पुन्हा आली ती थेट आषाढात. निबंध तिनं मागे घेतला होता. पदवी दीड-दोन वर्षं लांबली होती, हे तिनं कवडूनं विचारल्यावर सांगितलं, तेही पावसाबद्दल सांगावं तसं. कोरा चहा तिनं मागितला नाही. सीताबाईनं तरी केला. पितळी कपातला चहा निवत राहिला.

रक्षानं नवी वही काढली. पट्टी ठेवून 'सापडलेले'च्या बाजूला तिनं आणखी एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं: 'सोडलेले'.

"पौर्णिमेला मारायचं नाही, पण मोजायचं. जमेल?"

"जमंल."

"मग ठीक आहे," म्हणून ती उठली. जाताना कप उचलून दोन घोट प्यायली, उभ्यानंच.

श्रावणातल्या पौर्णिमेला सीताबाई पांढऱ्या लुगड्यात शेतात गेली. पहिल्या पिशवीत नऊ मेलेले होते, ते बाटलीत गेले. जिवंत चौदा होते. एकेक सोडत तिनं मोजले, आणि चुकले तर नाही ना म्हणून पहिल्यापासून आठवून पाहून वहीत लिहिले. हेमराज पंप घेऊन धुऱ्यावरून येत होता.

"काय लिवता, सीताबाई? त्या मॅडमनं तं मागं सगळा घोळ करून ठेवला. एवढी शिकली पोरगी, पन वही नाई आखता आली."

सीताबाईनं पेन वहीत ठेवून वही मिटली.

"हेमराजभाऊ, पंप खाली ठेवा. थे चूक मॅडमची नोयती."

"मंग?"

"माही होती. बसा, सांगतो."

हेमराजनं पंप उतरवला आणि धुऱ्यावर बसला. सीताबाई उभीच राहिली, आणि पहिल्या पुनवेपासून सांगायला लागली.