शेवटच्या मजल्यापासून

सुधाकर भाऊजी गेले, ती इमारतीत पाणी यायची वेळ होती. ताईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, फोनवर एवढंच सांगितलं, "हे गेले रे... आणि खाली जाऊन व्हॉल्व्ह बघ, पाचव्या मजल्याला अजून पाणी सोडलेलं नाही." मुलुंडच्या या इमारतीत आम्ही शेजारी, पहिल्या मजल्यावर.

भाऊजी पाटबंधारे खात्यात अभियंता होते, नोकरी सगळी दुष्काळी तालुक्यांत. कालव्याचं पाणी पाळीनं द्यायचं, ते आधी शेवटच्या गावाला आणि मग मागे येत येत धरणाजवळच्यांना. नाहीतर वरचेच सगळं ओढून घेतात. नियम खात्याचाच; भाऊजी तो पाळत, इतकाच त्यांचा गुन्हा. एका हिवाळ्यात वरच्या गावांनी मंजुरीच्या दुप्पट ऊस लावून कालव्यात पाणी उपसायच्या मोटारी टाकल्या. भाऊजींनी त्या उचलून आणल्या, कालव्याच्या वरच्या दारांना कुलपं घातली. पाणी शेवटच्या शिवारात पोचायला एक दिवस उरला असताना त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी त्याच संध्याकाळी कुलपं काढली. खाली हरभरा फुलावर होता... तो उभ्यानं वाळला.

निवृत्तीनंतर ते मुलुंडला आले. पाणीकपातीत आमची गच्चीवरची टाकी भरत नाही. पालिकेचं पाणी खालच्या मजल्यांवरच संपतं. भाऊजींनी मीटरच्या खोलीतली व्हॉल्व्हची लोखंडी चावी मागून घेतली. खालचे मजले बंद, आधी पाचवा, सर्वांत शेवटी तळमजला. तळमजल्याचे सेक्रेटरी वैतागायचे, "अहो साहेब, हा तुमचा कालवा नाय!"

"ते पाण्याला कुठं माहीत आहे?" भाऊजी म्हणायचे आणि चावी खिशात टाकायचे.

शोकसभेला त्यांचे जुने वरिष्ठ आले होते. "शिस्तीचा माणूस," ते म्हणाले. बदलीच्या हुकमावर सही यांचीच होती. सेक्रेटरीही दोन शब्द बोलले. दुसऱ्या दिवशी ताईकडून त्यांनी चावी नेली.

आता सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडतात. पाचव्या मजल्यावरच्या आजी टँकरमधून बादली भरून आणतात. आणि ताई पाणी आलं की स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करून, रिकामी कळशी पुढ्यात घेऊन बसते. "आधी वरच्यांचं होऊ दे." नंतर ती नळ सोडते, तेव्हा त्यात फक्त हवा असते. एक नळ बंद ठेवल्यानं पाणी पाचव्यावर चढत नाही. हा हिशोब मी तिला अजून सांगितलेला नाही.