वर न केलेला हात

बी.एड.च्या सराव पाठांना आम्ही दोघी मैत्रिणीच एकमेकींच्या विद्यार्थिनी व्हायचो. मैत्रिणीनं प्रश्न विचारला की मी हात वर करायचा, माझ्या पाठाला तिनं. औरादकडच्या एका शाळेत जागा एकच होती, मुलाखतीला आम्ही दोघी. मुलांना सुट्टी, म्हणून तिथंही एकीनं शिकवायचं, दुसरीनं बाकावर बसायचं.

"ज्वारीचं मूळ कसं असतं?" तिनं माझ्याकडं बघत विचारलं. खोटं कशाला बोलू, ज्वारी उपटतच मी वाढले. तरी हात मांडीवरच ठेवला. ती अडखळली, पाठ तिथंच कोलमडला.

माझ्या पाठाला तिनं मात्र प्रत्येक प्रश्नाला हात वर केला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "कामून गप बसलीस गं?"

नोकरी मला लागली. आता मी प्रश्न विचारला की पोरं धडाधड हात वर करतात. त्यांत रोज एक हात तिचा असतो.